पाइपने तोडलेल्या फाइलमधून फील्ड काढताना: आधी मोजा, मग उचला

प्रश्न थोडक्यात असा आहे. रोज रात्री दुसऱ्या एका सिस्टिममधून टेक्स्ट फाइल येते. ओळीत सहा फील्ड, मधे पाइपची उभी रेघ. त्यातलं दुसरं, चौथं आणि सहावं फील्ड काढून पुढे द्यायचं आहे. पर्ल भाषेत, ओळ तुकड्यांत तोडणारं स्प्लिट हे फंक्शन वापरून स्क्रिप्ट लिहिली आहे आणि बहुतेक ओळी नीट निघतात. पण काही ओळींत सहावं फील्ड मिळतच नाही, काहींत मिळतं पण तुलना केली की जुळत नाही, आणि मधूनच एखादी ओळ भलतंच काहीतरी देते. आता हाच डेटा स्वल्पविरामाच्या सीएसव्हीमध्येही येणार आहे. तर पर्लच ठेवावं, ऑक या ओळी-फील्ड चाळणाऱ्या छोट्या भाषेकडे वळावं की पायथनकडे?

भाषेचं नंतर बघू, कारण तुमचं घोडं भाषेपाशी अडलेलं नाही. तीन तक्रारींची तीन वेगळी कारणं आहेत. मूळ एकच: स्क्रिप्टने प्रत्येक ओळीत सहा फील्ड आहेत असं गृहीत धरलंय, ते कुठेच तपासलेलं नाही.

आधी हरवणारं सहावं फील्ड. समजा ओळ अशी आहे:

४०१|मोटर|उत्तर बाजू|१२.५||

डोळ्यांनी मोजलं तर सहा फील्ड, शेवटची दोन रिकामी. पर्लचा स्प्लिट मात्र चारच परत देतो. टोकाची रिकामी फील्ड तो गाळून टाकतो, आणि हा बग नाही, त्याचं ठरलेलं वागणं आहे. दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेलं आहे. उपाय इतकाच की स्प्लिटला तिसरा आर्ग्युमेंट उणे एक द्यायचा. मग तो सहाच्या सहा देतो. डिलिमिटरने, म्हणजे फील्ड वेगळी करणाऱ्या चिन्हाने, तोडलेली फाइल वाचणाऱ्या प्रत्येक पर्ल स्क्रिप्टमध्ये हा उणे एक असलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. कमांड लाइनवर मायनस ए हा स्विच देऊन आपोआप तोडणी करून घेण्याची सवय असेल, तर तिथे हा उणे एक लावायला जागा नसते. म्हणून ती सोय झटपट डोकावण्यापुरती ठेवा, रोज चालणाऱ्या कामात नको.

पर्लचा आणखी एक खास फटका पाइपलाच बसतो. स्प्लिटचा पहिला आर्ग्युमेंट साधी स्ट्रिंग दिसत असली तरी ती रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुराचा नमुना सांगणारा पॅटर्न, म्हणूनच वाचली जाते, आणि तिथे उभ्या रेघेचा अर्थ ‘हे किंवा ते’. बॅकस्लॅश न लावता नुसती रेघ दिली की पॅटर्न होतो ‘काही नाही किंवा काही नाही’, आणि ओळीचं एकेक अक्षर सुटं होऊन हातात येतं. तुमच्या बहुतेक ओळी नीट निघताहेत म्हणजे हे तुम्ही सांभाळलेलं आहे. पण उद्या डिलिमिटर कॉन्फिग फाइलमधून वाचायचं ठरवलंत तर हीच भानगड मागच्या दाराने आत येईल. तेव्हा कोटमेटा हे खास चिन्हांपुढे बॅकस्लॅश लावणारं फंक्शन वापरून ते चिन्ह निर्धास्त करून घ्या. ऑकमध्ये एकच पाइप दिला तर तो पाइपच समजला जातो, पण डिलिमिटर दोन अक्षरांचा झाला की ऑकसुद्धा त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन मानतो. पायथनच्या स्ट्रिंगवरचा स्प्लिट या बाबतीत सरळ आहे: जे दिलं त्याच अक्षरांवर तोडतो, टोकाची रिकामी फील्डही ठेवतो. फक्त काहीच न देता बोलावला की तो मोकळ्या जागांच्या अख्ख्या रांगेला एकच डिलिमिटर धरतो.

शेलमधल्या रीड या कमांडने टॅबच्या फाइली वाचणाऱ्यांनाही हाच मार बसतो. आयएफएस म्हणजे शेल ज्या चिन्हांवर ओळ तोडतं त्यांची यादी. तिच्यात टॅब ठेवला की शेल त्याला मोकळी जागा समजतं, लागोपाठ आलेले दोन टॅब एकच होतात, मधलं रिकामं फील्ड गडप होतं आणि पुढची सगळी एकेक घर डावीकडे सरकतात. एरर येत नाही. तारखेच्या जागी नाव बसतं आणि स्क्रिप्ट यशस्वी म्हणून संपते.

आता न जुळणारी तुलना. बहुधा ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न लपलेला आहे. फाइल विंडोजवर तयार झाली असेल तर ओळ दोन अक्षरांनी संपते, कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन. युनिक्सच्या जगात फक्त न्यूलाइन. पर्लचं ओळीचं टोक कापणारं चॉम्प न्यूलाइन खातं आणि कॅरेज रिटर्न सहाव्या फील्डला चिकटून राहतो. स्क्रीनवर तो दिसत नाही. पण ते फील्ड छापून त्यामागे काही मजकूर जोडलात तर कर्सर ओळीच्या सुरुवातीला जातो आणि नवा मजकूर जुन्यावर चढतो. असं काही दिसलं की दुसरीकडे शोधू नका. खात्री करायची तर ओळ ओडी मायनस सी या कमांडमधून काढा, प्रत्येक बाइट उघडा दिसेल.

घालवायचा कसा? ओळीच्या टोकाचे कॅरेज रिटर्न आणि न्यूलाइन, फक्त ही दोनच अक्षरं, एका बदलीत उडवा. इथे पुष्कळजण ‘शेवटची सगळी मोकळी जागा’ असा सैल पॅटर्न लिहितात. पाइपच्या फाइलमध्ये ते खपून जातं, पण टॅबच्या फाइलमध्ये टोकाचे टॅबही मोकळ्या जागेतच मोजले जातात. म्हणजे उणे एक देऊन वाचवलेली रिकामी फील्ड तुम्हीच एक ओळ आधी कापून टाकता.

तुलना पहिल्या ओळीच्या पहिल्याच फील्डवर फसत असेल तर संशय बॉमवर (बाइट ऑर्डर मार्कवर) घ्या. यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला काही प्रोग्राम तीन बाइटची खूण घालतात. ती पहिल्या हेडरला चिकटते आणि ‘क्रमांक’ नावाचा कॉलम समोर दिसत असून सापडत नाही. पायथनमध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८-सिग दिलं की खूण असेल तर निघते, नसेल तरी बिघडत नाही. पर्लमध्ये ती स्वतः काढावी लागते.

तिसरी तक्रार, भलतंच देणाऱ्या ओळी. इथे खरं काम आहे. कोणतीही अनोळखी फाइल हातात आली की मी फील्ड काढायला जातच नाही. ऑकला डिलिमिटर सांगतो आणि प्रत्येक ओळीसाठी फक्त एनएफ, म्हणजे त्या ओळीतल्या फील्डची संख्या, छापायला लावतो. तो निकाल सॉर्टमधून आणि मग एकसारख्या ओळी मोजणाऱ्या युनिक मायनस सी मधून काढतो. एका ओळीची कमांड आहे. तुमच्यासारख्या फाइलवर निकाल साधारण असा दिसेल. डावीकडे किती ओळी, उजवीकडे ओळीत किती फील्ड:

४८११० – ६
३७ – ७
५ – ३
५ – ४
१ – १
१ – ०

या सहा ओळींत फाइलचा बराचसा इतिहास आहे. शून्य म्हणजे कुठेतरी रिकामी ओळ, बहुधा शेवटी. एक म्हणजे पाठवणाऱ्या सिस्टिमने तळाशी टाकलेली ‘एकूण नोंदी इतक्या’ छापाची ओळ. ती फेकू नका, तिचा उपयोग पुढे आहे.

तीन फील्डच्या पाच ओळी आणि चार फील्डच्याही पाचच, ही जोडी बघा. सहा फील्डची नोंद मधेच न्यूलाइन येऊन फुटली की तिच्या दोन तुकड्यांतल्या फील्डची बेरीज सात होते, कारण फुटलेलं फील्ड दोन्हीकडे मोजलं जातं. तीन अधिक चार सात. म्हणजे तिसऱ्या किंवा चौथ्या फील्डमध्ये कुणीतरी एंटर दाबलेला आहे: तीनचा तुकडा आधी आला असेल तर तिसऱ्यात, चारचा आधी आला असेल तर चौथ्यात. तुकडे दोनऐवजी तीन झाले तर बेरीज आठ येते. जोडताना मात्र डोळे मिटून पुढची ओळ चिकटवू नका. सहापेक्षा कमी फील्डची ओळ आली तर पुढची घेऊन जोडा, पुन्हा मोजा, बरोबर सहा झाली तरच नोंद माना. सहाच्या वर गेली तर दोन्ही तुकडे बाजूला काढा. एक पळवाट तरीही उरते: एंटर शेवटच्या फील्डमध्ये असेल तर पहिल्या तुकड्यात सहा फील्ड पुरी भरतात आणि नोंद अखंड भासते. मागे एक फील्डची अनाथ ओळ उरते. म्हणून एक फील्डच्या ओळी एकापेक्षा जास्त दिसल्या की त्या सगळ्या तळाच्या बेरजेच्या आहेत असं समजू नका.

सात फील्डच्या सदतीस ओळी म्हणजे मजकुरातच पाइप आला आहे. यावर उतारा आहे, पण एका अटीवर: मोकळा मजकूर असणारं फील्ड एकच हवं. समजा तिसरं फील्ड तसं आहे. मग डावीकडून पहिली दोन उचला, उजवीकडून शेवटची तीन उचला, मधे जे उरेल ते पुन्हा पाइपने जोडा, ते तिसरं. मोकळा मजकूर शेवटच्या फील्डमध्ये असेल तर आणखी सोपं: स्प्लिटला उणे एकऐवजी कमाल सहा तुकडे अशी मर्यादा द्या, उरलेलं सगळं सहाव्यात जाईल, आणि टोकाची रिकामी फील्डही शाबूत राहतील. अशी दोन फील्ड असतील तर पाइप कुणाचा हे कोणतीच भाषा सांगू शकत नाही. त्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये टाका आणि पाठवणाऱ्याला कळवा. अंदाजाने जोडलेली ओळ ही नाकारलेल्या ओळीपेक्षा वाईट, कारण नाकारलेली निदान दिसते.

आणि सगळ्याच ओळींत सात आले तर घाबरू नका. काही सिस्टिम ओळीच्या अगदी शेवटीही एक पाइप टाकतात. सातवं फील्ड कायम रिकामं असतं.

एक अडचण मोजणीच्याही हातून निसटते. ओळीत सहाच फील्ड आहेत, पण पाठवणाऱ्याने कॉलमचा क्रम बदलला. हेडर येत असेल तर दुसरं, चौथं, सहावं असे आकडे स्क्रिप्टमध्ये ठेवूच नका. पहिली ओळ वाचताना नावावरून क्रमांक सांगणारा हॅश बनवा आणि पुढे नावानेच उचला. हवं असलेलं नाव सापडलं नाही तर तिथेच थांबा. ऑकमध्ये हे दोन-तीन ओळींत होतं, पायथनमध्ये डिक्टरीडर हे आयतंच देतो.

डिलिमिटरमुळे होणारा हा सगळा त्रास टाळायची सोय अ‍ॅस्कीत आधीपासून आहे. २८ ते ३१ ही चार अक्षरं विभाजक म्हणूनच राखलेली आहेत. ३१ फील्डसाठी, ३० नोंदीसाठी. कीबोर्डवरून ती सहजासहजी टाइप होत नाहीत, त्यामुळे मजकुरात घुसायची शक्यता नगण्य. अडचण एवढीच की ती एडिटरमध्येही नीट दिसत नाहीत, आणि लोकांना फाइल उघडून बघायची असते. दोन्ही बाजूंच्या स्क्रिप्ट तुमच्याच हातात असतील तर विचार जरूर करा.

आता सीएसव्ही. स्वल्पविरामावर स्प्लिट करून सीएसव्ही वाचता येत नाही. ही ओळ पाहा:

४०१,"मोटर, जुनी","शेरा ""तपासणी बाकी"" असा"

फील्ड तीन आहेत, स्वल्पविरामावर तोडलं तर चार मिळतात. २००५ साली आलेल्या आरएफसी ४१८० या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात सीएसव्हीची रूढ पद्धत लिहून ठेवलेली आहे: फील्डमध्ये स्वल्पविराम, न्यूलाइन किंवा दुहेरी अवतरणचिन्ह असेल तर ते फील्ड अवतरणात ठेवायचं, आणि आतलं अवतरणचिन्ह दोनदा लिहायचं. म्हणजे नियमानुसारच एक नोंद अनेक ओळींवर पसरू शकते. तेव्हा डब्ल्यूसी मायनस एलने ओळी मोजून नोंदी मोजल्याचं समाधान मानू नका, आणि मोठी फाइल ओळींवर तोडून समांतर चालवू नका. रेग्युलर एक्स्प्रेशनने अवतरणं सांभाळण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तो आवरा आणि तयार पार्सर, म्हणजे हे नियम पाळून फाइल वाचणारं मॉड्यूल, घ्या.

पर्लमध्ये टेक्स्ट-सीएसव्ही आहे. त्यात बायनरी हा पर्याय चालू करा, नाहीतर फील्डमधल्या न्यूलाइनवर तो अडून बसतो. पायथनमध्ये सीएसव्ही मॉड्यूल २००३ पासून, २.३ या आवृत्तीपासून, भाषेबरोबरच मिळतं. फाइल उघडताना न्यूलाइन हा आर्ग्युमेंट रिकामी स्ट्रिंग द्यायचा, म्हणजे ओळींच्या टोकांचा निर्णय मॉड्यूल स्वतः घेतं. ऑकमध्ये इतकी वर्षं जुगाडच होते. ग्नू ऑकच्या एफपॅटने डिलिमिटरऐवजी फील्डचंच रूप वर्णन करता येतं, पण फील्डमध्ये न्यूलाइन आली की तेही हात टेकतं. २०२३ मध्ये मात्र ब्रायन कर्निगन यांच्या मूळ ऑकमध्ये आणि ग्नू ऑकच्या ५.३ आवृत्तीत सीएसव्ही वाचायचा स्विच आला. १९७७ साली बेल लॅब्समध्ये जन्मलेल्या भाषेला ही सोय इतक्या उशिरा मिळाली! तुमच्या सर्व्हरवर जुनं ऑक असण्याचीच शक्यता जास्त, तेव्हा आधी आवृत्ती बघा.

पायथनचं हेच मॉड्यूल डिलिमिटर पाइप देऊन तुमच्या आजच्या फाइलवरही चालवता येतं, पण जपून. तुमच्या फाइलमध्ये अवतरणाची पद्धतच नाही. एखादं फील्ड चुकून दुहेरी अवतरणचिन्हाने सुरू झालं तर मॉड्यूल समजतं की अवतरण उघडलं, आणि पुढचं अवतरणचिन्ह मिळेपर्यंत ओळींमागून ओळी एकाच फील्डमध्ये गिळत जातं. नशीब बरं असेल तर ‘फील्डची लांबी १३१०७२ च्या मर्यादेपेक्षा जास्त’ अशा अर्थाची एरर येते. ही एरर दिसली की लोक इंटरनेटवर बघून मर्यादा वाढवतात आणि एरर जाते. नोंदीही जातात. त्या एररचा अर्थ जवळजवळ नेहमी हाच असतो की एक अवतरणचिन्ह मोकाट सुटलं आहे. पाइपच्या फाइलसाठी कोटिंग बंद करणारा क्वोट-नन हा पर्याय द्या.

एन्कोडिंगबद्दल दोन शब्द. यूटीएफ-८ मध्ये पाइप, स्वल्पविराम, टॅब यांचे बाइट दुसऱ्या कुठल्याही अक्षराच्या पोटात येत नाहीत. त्यामुळे मजकूर देवनागरी असला तरी बाइट पातळीवर तोडणी बिनधोक होते. शिफ्ट-जिस या जपानी एन्कोडिंगमध्ये तसं नाही. तिथे दोन बाइटच्या अक्षराचा दुसरा बाइट नेमका पाइपचा असू शकतो. अशी फाइल आधी यूटीएफ-८ मध्ये आणा, मग तोडा. आणि ठरावीक रुंदीच्या, म्हणजे ‘अकराव्या ते तिसाव्या जागेत नाव’ अशा फाइली आल्या तर जागा म्हणजे बाइट की अक्षर हे लेखी विचारून घ्या. ‘क्षि’ हे आपल्याला एक अक्षर दिसतं, पण ते चार युनिकोड चिन्हांचं आणि बारा बाइटचं असतं.

काढलेलं फील्ड पुढे देतानाही पाय घसरतो. फील्ड हे मजकूर म्हणून आलं, मजकूर म्हणूनच जाऊ द्या. गणित करायचं असेल त्याच फील्डचं संख्येत रूपांतर करा. ००७४ हा कोड संख्या झाला की ७४ होतो, आणि परत येत नाही. ऑकमध्ये हे नकळत होतं: दोन फील्डची तुलना करताना दोन्ही संख्येसारखी दिसली तर तो संख्या म्हणूनच तोलतो. त्याच्या लेखी १ई३ आणि १००० समान. कोडची तुलना असेल तर एका बाजूला रिकामी स्ट्रिंग जोडा, मग ती मजकुराची तुलना होते. ऑकचीच आणखी एक खोड: आउटपुटचा डिलिमिटर ओएफएसमध्ये बदलला तरी अख्खी ओळ छापताना जुनाच दिसतो, कारण कुठल्याही फील्डला हात लागेपर्यंत तो ओळ नव्याने बांधत नाही. म्हणून लोक पहिल्या फील्डला त्याचीच किंमत परत देतात. विचित्र दिसतं, पण रूढ आहे.

कट ही कमांड सुचवणारे भेटतील. दोन गोष्टी लक्षात ठेवा. तीन आणि मग एक असा क्रम मागितला तरी ती एक आणि मग तीन असंच देते. आणि ज्या ओळीत डिलिमिटर नाही ती ओळ मायनस एस न दिल्यास अख्खी छापते, म्हणजे तळाची ‘एकूण नोंदी’वाली ओळ तुमच्या डेटात जाऊन बसते.

मग भाषा कोणती? पाइपच्या फाइलसाठी तुमचं पर्ल पुरेसं आहे. चालू स्क्रिप्ट फेकून देण्याइतकं काही बिघडलेलं नाही. ऑक तपासणीसाठी हाताशी ठेवा, त्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. सीएसव्ही येणारच आहे, तेव्हा ज्या भाषेतला पार्सर सर्व्हरवर आधीच बसवलेला आहे ती घ्या. मॉड्यूल बसवायला परवानगीचे सोपस्कार असतील तर पायथन, कारण तिथे वेगळं काही बसवावं लागत नाही. ‘पायथन नवं म्हणून बरं’ हे कारण मला पटत नाही.

तुमच्या स्क्रिप्टमध्ये मी आज करीन ते बदल असे. टोकाचा कॅरेज रिटर्न उडवायचा, स्प्लिटला उणे एक द्यायचा, लगेच फील्ड मोजायची. सहा असतील तर हवी ती तीन उचलून पुढे. नसतील तर मूळ ओळ, तिचा ओळ क्रमांक आणि सापडलेली संख्या नाकारलेल्यांच्या फाइलमध्ये. वर सांगितलेली जोडाजोड त्या फाइलवर वेगळ्या स्क्रिप्टने करा, मुख्य स्क्रिप्ट साधी राहू द्या. मात्र सहाव्या फील्डमधल्या एंटरने फुटलेली नोंद मोजणीतून निसटून पुढे गेलेली असते आणि नाकारलेल्यांत तिचं शेपूटच येतं. ओळ क्रमांक जपायचा तो तिची आधीची ओळ मूळ फाइलमध्ये गाठता यावी म्हणून. शेवटी ताळा: स्वीकारलेल्या अधिक नाकारलेल्या मिळून वाचलेल्या ओळी भरल्या पाहिजेत, आणि तळाच्या ओळीतली ‘एकूण नोंदी’ स्वीकारलेल्या अधिक नाकारलेल्यांतल्या नोंदींशी जुळली पाहिजे (एका नोंदीचे तुकडे एकदाच मोजून, तळाची आणि रिकामी ओळ वगळून). तळाची ओळ आलीच नाही तर फाइल अर्धवट आली असं धरा. पाठवणी चालू असतानाच वाचायला घेतलेल्या फाइली अशाच सापडतात. नाकारलेल्या ओळी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त झाल्या किंवा ताळा बसला नाही, तर स्क्रिप्टने संपताना शून्य (म्हणजे ‘सगळं ठीक’) सोडून दुसरा एक्झिट कोड द्यावा, म्हणजे रात्रीच्या रांगेतलं पुढचं लोडिंग सुरूच होणार नाही.